बाराशे आणि वर चाळीस

भट्टीवाल्यांच्या हातून एकतीस वर्षांत एकही टिकली कच्ची बाहेर पडली नव्हती. या गोष्टीचा त्यांना अभिमान होता, पण तो मिरवण्याची संधी कधी आली नाही, कारण कच्ची न निघालेली टिकली कुणाच्या लक्षात येत नाही.

टिकली म्हणजे शर्टाच्या बटणाएवढी चकती, फक्त भोकं नसलेली. बेरियम टायटेनेट नावाची पिठासारखी पांढरी पावडर पोलादी साच्यात दाबायची आणि जी चकती निघेल ती भट्टीत भाजायची. भाजली की तिचं कपबशीसारखं कठीण काहीतरी होतं. मग तिच्या दोन्ही अंगांना चांदीचा लेप लावायचा, तारा जोडायच्या आणि तिच्या पोटात वीज किती मावते ते यंत्रावर बघायचं. जे निघतं त्याला पुस्तकात परावैद्युत स्थिरांक म्हणतात. संस्थेत सगळे नुसतं ‘आकडा’ म्हणत. आकडा चांगला आला की विद्यार्थी दोन-दोन पायऱ्या गाळत जिन्याने खाली येत. वाईट आला की लिफ्टने येत. प्रत्येकाच्या फोनमध्ये असल्या टायटेनेटचे चिमुकले तुकडे शेकड्यांनी बसवलेले असतात, असं सर प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी सांगत. भट्टीवाल्यांनी ते एकतीस वेळा ऐकलं होतं आणि दरवेळी मान डोलावली होती.

त्यांची खोली तळमजल्यावर, बोळाच्या टोकाला. आत एक लोखंडी स्टूल, एक टेबल, चिमटे, जाड हातमोजे, चिठ्ठ्या अडकवायचा खिळा आणि भट्टी. ही भट्टी भट्टीवाल्यांच्याही आधीपासून संस्थेत होती. तापली की ती कुरकुरायची, दार उघडलं की अंगावर यायची, आणि तिच्या तबकडीवरचे आकडे उष्णतेने इतके पुसट झाले होते की काटा कुठे आहे हे फक्त भट्टीवाल्यांना कळायचं. विद्यार्थी तिला सासूबाई म्हणत. तीन वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावर, वातानुकूलित खोलीत, संगणकावर चालणारी नवी भट्टी आली, तेव्हा तिचं नाव आपोआपच सूनबाई पडलं. सूनबाई शांत होती, सांगाल तेवढंच तापायची, आणि सांगितलेलं तिने केलं याचा कागद स्वतः छापून द्यायची. सासूबाईंकडून कागद कुणी मागितला नव्हता.

कामाची पद्धत ठरलेली होती. विद्यार्थी टिकल्या आणि चिठ्ठी घेऊन यायचा. चिठ्ठीत टिकल्या किती, अंश किती, तास किती. भट्टीवाले चिठ्ठी खिळ्याला अडकवायचे, तिच्यातले आकडे वहीत उतरवायचे, टिकल्या पांढऱ्या बशीत मांडून आत सरकवायचे आणि काटा लावायचे. चिठ्ठीत बाराशे असेल तर वहीत बाराशे. काटा मात्र बाराशे चाळीसवर.

यात लबाडी नव्हती. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी त्यांच्या लक्षात आलं होतं की बाराशेला भाजलेली टिकली फरशीवर टाकली तर खडूसारखा आवाज येतो, आणि चाळीस अंश वर भाजलेली नाण्यासारखी वाजते. तेव्हाचे मोठे साहेब, जे आता हयात नाहीत, एवढंच म्हणाले होते की नीट भाजून देत जा. भट्टीवाल्यांनी नीट भाजून दिलं. चिठ्ठी लिहिणारे शिकलेले लोक. त्यांच्या आकड्याला खोडणं उद्धटपणाचं दिसलं असतं. म्हणून वहीत त्यांचा आकडा आणि भट्टीत आपला, अशी दोघांचाही मान राखणारी वाट त्यांनी काढली. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. एकतीस वर्षांत कुणी विचारलं नाही.

आता सरांचं. सर या विभागाचे प्रमुख, साधे गृहस्थ, डोक्यावरचे केस गेले तरी खिशात कंगवा ठेवणारे. चौदा वर्षांपूर्वी त्यांचा एक लेख प्रसिद्ध झाला आणि गाजला. झालं असं की या पावडरीच्या टिकल्या दाट भाजायला आणि चार हजारांच्या वरचा आकडा मिळवायला जगभर सगळ्यांना साडेबाराशे अंश लागत होते. सरांनी ते बाराशेला करून दाखवलं. पन्नास अंश वाचले. ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांना पन्नास अंश म्हणजे काहीच वाटणार नाही. ज्यांना कळतं त्यांनी सरांना सहा देशांत भाषणाला बोलावलं. एका परदेशी प्रयोगशाळेने तेवढं तीनदा पत्र लिहून विचारलं, की आम्हाला बाराशेला जमत नाही, तुम्ही आणखी काय करता. सरांनी तिन्ही वेळा कळवलं की करण्यात आणखी काही नाही, हाताचा सराव आहे. हे अक्षरशः खरं होतं. हात कुणाचा, एवढंच सरांना माहीत नव्हतं.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना, भट्टीवाल्यांच्या निवृत्तीला चार महिने उरले असता, दशांशचं अडलेलं काम त्यांच्यापर्यंत आलं.

दशांश ही सरांची शेवटची विद्यार्थिनी. हे नाव तिला पहिल्याच आठवड्यात मिळालं, कारण पावडर किती घेतली असं विचारल्यावर तिने “दोन पूर्णांक शून्य तीन चार” असं उत्तर दिलं होतं, आणि पुढे “अंदाजे” म्हणून माफीही मागितली होती. तिचा विषय नॅनो टायटेनेटचा. पावडरीतले कण इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारभर ओळीने बसतील. भाजताना हे कण एकमेकांना चिकटतात आणि मोठे होतात. फार मोठे झाले तर आकडा ओसरतो, फार लहान राहिले तर चढतच नाही, आणि मध्ये कुठेतरी एक जागा असते जिथे तो सगळ्यांत वर असतो. दशांशला ती जागा शोधून तिच्या खाली, बारीक कणांच्या बाजूला, सरकत जायचं होतं. पण त्याआधी सरांचा निकाल पुन्हा काढून दाखवायचा, म्हणजे पाया पक्का. हे दोन आठवड्यांचं काम होतं. त्याला सात महिने झाले होते.

ती सूनबाईत भाजत होती. बाराशे अंश, छापील कागदासह. आकडा येत होता अठराशे.

सर म्हणाले, पावडर बिघडली असेल. तिने पावडर नव्याने केली, अठराशे वीस. सर म्हणाले, चांदीचा लेप नीट बसला नसेल. तिने लेप बदलला, सतराशे नव्वद. मग सरांनी तिचा कागद वाचून तसाच परत दिला, आणि तेच जास्त लागणारं होतं. प्रबंध द्यायला तीन महिने उरले होते. दूरच्या एका प्रयोगशाळेत तिला जागा मिळालेली होती, प्रबंध वेळेत दिला तर. पाया नाही तर प्रबंध नाही, हे सरांनी सांगितलं. तेवढ्याशा वाक्यावर एखाद्याची पाच वर्षं उभी असतात हे त्यांना माहीत होतं, त्यामुळे त्यांनी ते खिडकीकडे बघत सांगितलं.

एका दुपारी दशांश लिफ्टने खाली आली आणि भट्टीवाल्यांच्या टेबलावर दोन फोटो ठेवून समोर उभी राहिली. टिकल्यांचे सूक्ष्मदर्शकातून काढलेले फोटो. एक सरांच्या लेखातला: कण एकाला एक घट्ट चिकटलेले, कुशल गवंड्याने फरशी बसवावी तसे. दुसरा तिचा: वाळूच्या ढिगासारखे सुटे सुटे कण, आणि मध्ये काळी भोकं.

भट्टीवाल्यांनी चष्मा लावला. फोटोतलं शास्त्र त्यांना कळत नव्हतं, पण कच्ची टिकली त्यांना फोटोतही ओळखता येत होती. चष्मा काढून तो उगाचच पुसत ते म्हणाले, आण तुझ्या टिकल्या, आमच्या म्हातारीत टाकून बघू.

“बाराशेलाच ना, काका?” तिने विचारलं.

“चिठ्ठी लिही,” ते म्हणाले.

तिने चिठ्ठी लिहिली. तिसऱ्या दिवशी ती जिन्याने आली, दोन-दोन पायऱ्या गाळत. चार हजार एकशे साठ. एरवी मोजून बोलणारी मुलगी. बोळातून येताना तिने दोन बंद दारं उगाचच वाजवली.

सर स्वतः तळमजल्यावर आले. त्यांनी भट्टीवाल्यांचा हात हातात घेऊन तो उलटा-सुलटा करून पाहिला, जणू त्यात काही बसवलेलं आहे. मग विभागातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले की यंत्र ते यंत्र, हात तो हात, आणि असा हात चार महिन्यांनी घरी पाठवायला आपण काही मूर्ख नाही. त्यांनी दोन वर्षांच्या मुदतवाढीचा अर्ज त्याच दिवशी टाईप करून घेतला. भट्टीवाल्यांनी फक्त सही करायची होती.

ही मुदतवाढ भट्टीवाल्यांना किती हवी होती हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर घरी बसायचं म्हणजे बसायचं कुठे, हा त्यांचा साधा प्रश्न होता. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्यांच्या पत्नीचं शिवणयंत्र, भोवती कापडांचे ढीग, दारात गिऱ्हाईक. पत्नीला कामात कुणी आलेलं खपत नसे. सुट्टीच्या दिवशी ते एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर बसत आणि दोन्ही ठिकाणी तिची कात्री निघे. सासूबाईंजवळच्या स्टुलावर मात्र त्यांच्या बुडाखाली कधी काही निघालं नव्हतं.

म्हणून त्या संध्याकाळी ते खुशीत घरी गेले आणि पत्नीला सगळं रंगवून सांगितलं: आकडा, सर, हात, अर्ज. रंगवण्याच्या भरात चाळीस अंशही सांगून टाकले, गंमत म्हणून. पत्नीचा पाय यंत्राच्या पायटीवर होता. तो थांबला.

“म्हणजे त्या पोरीला माहीत नाही?”

त्यांनी समजावलं की माहीत असायची गरज नाही. तिला आकडा मिळाला, सरांचा शब्द राहिला, आपल्याला दोन वर्षं मिळाली. यात कुणाचं वाईट झालं ते दाखव.

“मी शिवणीत माया सोडते,” पत्नी म्हणाली, “पण गिऱ्हाइकाला सांगते की आत दोन बोटं कापड आहे, पुढे लागलं तर उसवा. तुम्ही सोडलीत आणि वरून शिवून टाकलीत.”

“अगं, तिचं काम तर झालं.”

“इथलं झालं. ती जाणार कुठेशी ना? तिथे पहिल्याच दिवशी म्हणतील, कर बघू तसली टिकली. मग तुम्ही जाणार आहात का तिच्या मागोमाग, पिशवीत चाळीस अंश घेऊन?”

एवढं बोलून तिने पुन्हा पायटी हलवली. या बाईची वाद संपवण्याची पद्धत अशीच होती. यंत्राच्या आवाजात उलट उत्तर देता येत नसे, आणि यंत्र थांबेपर्यंत ते उत्तर आपल्यालाच पटेनासं झालेलं असे.

पुढचे दोन दिवस भट्टीवाल्यांनी ती गोष्ट आडवाटेने सांगण्यात घालवले. दशांशला त्यांनी सुचवलं की सूनबाईत जरा वर ठेवून बघ. तिने विचारलं, किती वर. ते म्हणाले, थोडं. तिने वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, थोडं म्हणजे किती, काका. तिच्या जगात ‘थोडं’ नावाची संख्या नव्हती. चाळीस हा शब्द भट्टीवाल्यांच्या जिभेवर आला आणि तिथेच बसला. कारण तो बाहेर पडला असता तर एकटा पडला नसता. त्याच्या मागोमाग सरांचा लेख, सहा देश, आणि या भट्टीत भाजलेल्या टिकल्यांवर मिळालेल्या पाच डॉक्टरेट रांगेने बाहेर आल्या असत्या. ते म्हणाले, जाऊ दे, मी आपलं सहज म्हटलं.

तिसऱ्या दिवशी सरांनी त्यांना सहीसाठी बोलावलं. दशांश तिथेच होती. तिच्या प्रबंधातलं प्रकरण सर वाचत होते आणि वाचता वाचता मोठ्याने म्हणत होते, छान, छान. मग त्यांनी एक वाक्य भट्टीवाल्यांच्या कौतुकासाठी मुद्दाम ऐकवलं: नमुने जुन्या भट्टीत बाराशे अंशांना सहा तास भाजले असता पूर्वीचा निकाल तंतोतंत मिळतो. अर्ज भट्टीवाल्यांच्या समोर होता. पेनही सरांनीच पुढे केलं होतं, शाईचं.

भट्टीवाल्यांनी पेन घेतलं आणि म्हणाले, “त्या वाक्यात बाराशे चाळीस करावं लागेल.”

सरांना वाटलं टायपिंगची चूक आहे. त्यांनी पान जवळ घेऊन पाहिलं. मग भट्टीवाल्यांनी सांगितलं. उभ्याउभ्याच, न थांबता, खडूच्या आवाजापासून जुन्या साहेबांपर्यंत सगळं. त्यांना वाटत होतं बराच वेळ लागेल. दोन मिनिटांत संपलं. एकतीस वर्षांच्या मानाने हे फारच थोडं वाटून ते शेवटचं वाक्य पुन्हा एकदा म्हणाले.

दशांशने वहीत लिहिलं: चाळीस. आणि खाली दोन रेघा मारल्या. तिच्या चेहऱ्यावर राग असेल म्हणून भट्टीवाल्यांनी तिकडे पाहायचं टाळलं होतं. पाहिलं तर ती सात महिन्यांत पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकून बसली होती.

सरांनी खिशातला कंगवा काढला, पाहिला आणि परत ठेवला.

“सगळ्यांच्यात?” त्यांनी विचारलं.

“सगळ्यांच्यात.”

“माझ्याही?”

इथे भट्टीवाल्यांना खोटं बोलणं सोपं होतं आणि सरांना ते आवडलंही असतं. पण माणूस एकदा सांगायला लागला की हिशेबाने सांगता येत नाही. ते म्हणाले, “तुमच्या टिकल्या जाड असायच्या, सर. तुमच्यात पन्नास.”

बाराशे आणि पन्नास यांची बेरीज करायला सरांसारख्या माणसाला जितका वेळ लागायला हवा त्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला. साडेबाराशे. म्हणजे जगभर सगळ्यांना लागत होते तितके. सरांनी चौदा वर्षांपूर्वी जो शोध लावला होता तो असा होता की सगळे म्हणतात ते बरोबर आहे.

“हे तुम्हाला आठवणीने कसं सांगता येईल?” सर शेवटी म्हणाले. आवाज शांत होता, पण त्यात आशा होती.

भट्टीवाले खाली जाऊन वह्या घेऊन आले. प्रत्येक नोंदीत, अंशांच्या आकड्याखाली, पेन्सिलीचे बारीक ठिपके होते. दहा अंशांना एक ठिपका. आपल्याला कळावं म्हणून दिलेले. बहुतेक ठिकाणी चार. सरांच्या पानावर पाच, ठळक, एका ओळीत. या वह्या सरांनी वर्षातून एकदा तपासून सही केल्या होत्या, ठिपक्यांच्या शेजारीच.

सरांनी अर्ज उचलला, घडी केली आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. फाडला नाही. ते पुढे त्याबद्दल बोललेही नाहीत, आणि भट्टीवाल्यांनीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दशांशने सूनबाईत बाराशे चाळीसला सहा टिकल्या भाजल्या. चार हजार एकशे तीस, छापील कागदासह. मग वर बाराशे ऐंशी, मग बाराशे वीस, मग बाराशे दहा, मग पार खाली. आणि असं दिसलं की तिच्या सात महिन्यांच्या कच्च्या टिकल्या वाया गेलेल्याच नव्हत्या; बारीक कणांच्या बाजूला आकडा कसा उतरत जातो याचा तोच सगळा पुरावा होता, फक्त तो कुठून उतरतो ते कळायचं राहिलं होतं. तिच्या आलेखात जिथे नुसता गोंधळ होता तिथे एक टेकडी उमटली. तिने ती भट्टीवाल्यांना आणून दाखवली आणि टेकडीच्या एका उतारावर बोट ठेवून म्हणाली, हा सगळा उतार तुमच्यामुळे, काका. हे कौतुक आहे की टोमणा हे त्यांनी स्पष्ट करून घेतलं नाही.

सर पंधरा दिवस तळमजल्यावर फिरकले नाहीत. सोळाव्या दिवशी आले, स्टुलावर बसले आणि सासूबाईंच्या तबकडीकडे बराच वेळ डोळे बारीक करून बघत राहिले. काही दिसलं नाही तेव्हा म्हणाले, मी दुरुस्ती छापायला पाठवली. दोन ओळींची. त्यांनी ती भट्टीवाल्यांना वाचून दाखवली: भट्टीच्या तापमानाच्या नोंदीत पन्नास अंशांची तफावत आढळली आहे, वाचकांनी नोंद घ्यावी. वाचून झाल्यावर सर थोडे हसले.

“सहा देश फिरलो हो मी,” ते म्हणाले, “तुमच्या पाच ठिपक्यांवर.”

भट्टीवाल्यांनी त्यांना चहा दिला. कपात साखर घालताना त्यांनी, एकतीस वर्षांत पहिल्यांदाच, किती चमचे ते विचारलं.

दुरुस्ती छापून आली आणि फोन सुरू झाले. या भट्टीवर डॉक्टर झालेले पाच जण पाच ठिकाणी होते, आणि प्रत्येकाला एकच प्रश्न होता: माझ्यात किती? भट्टीवाले वह्या घेऊन बसायचे, तारीख विचारायचे आणि ठिपके मोजायचे. पहिला आता एका टाईल्सच्या कारखान्यात मोठ्या पदावर होता. त्याच्यात चार निघाले. तो खूप हसला आणि म्हणाला की काका, आमच्याकडचा भट्टीवालाही असंच करत असणार, उद्याच बघतो. दुसऱ्यात चार, एकदा तीन. त्याने आभार मानून फोन ठेवला आणि अर्ध्या तासाने पुन्हा करून विचारलं की तीन का. त्या दिवशी वीज कमी होती, हे भट्टीवाल्यांना आठवत होतं. तिसऱ्याने रागाने वकिलाचं नाव काढलं. मग त्याच्याच लक्षात आलं की खटला त्याच्या स्वतःच्या प्रबंधाविरुद्ध जाईल, आणि तो निवळला. चौथा आता या क्षेत्रातच नव्हता. तो म्हणाला, बरं, आणि प्रकृतीची चौकशी केली.

पाचवी मुलगी होती. होती म्हणजे आता चाळिशीला आलेली बाई. ती सर्वांत हुशार होती असं सर अजूनही म्हणत. डॉक्टरेट झाल्यावर ती परदेशी, त्या तीनदा पत्र लिहिणाऱ्या प्रयोगशाळेतच गेली होती, आणि वर्षाच्या आत परत आली होती. का, ते इथे कुणाला कळलं नव्हतं. हवा मानवली नाही, असं ठरलं होतं. आता ती एका शाळेत गणित शिकवत होती. तिने फोन केला तेव्हा मागे मुलांचा गलका होता.

भट्टीवाल्यांनी तारीख विचारली. तिला सगळ्या तारखा पाठ होत्या. त्यांनी पान काढलं आणि मोजले.

“चार,” ते म्हणाले. “सगळीकडे चार.”

गलका तेवढा ऐकू येत होता. कुणीतरी कुणाला तरी ढकललं होतं आणि त्याचा निवाडा चालला होता.

“मी तिथे बाराशेलाच भाजत होते,” ती म्हणाली. “आठ महिने. त्यांना वाटलं, इथले आकडे मी बनवून आणलेत. तोंडावर नाही म्हणाले. पण माझ्याबरोबर कुणी काम करेना.” आणि मग, “मलाही वाटायला लागलं होतं, काका. की मीच कुठेतरी काहीतरी केलं असेल.”

भट्टीवाल्यांनी पानावर पुन्हा पाहिलं. वीज कमी नव्हती, टिकल्या जाड नव्हत्या.

“तू काही केलं नाहीस,” ते म्हणाले. “मी केलं.”

“लिहून द्याल?”

“कुणाला दाखवायचंय?”

“कुणाला नाही.”

ते म्हणाले, देतो. फोन ठेवून त्यांनी वहीतलं एक कोरं पान पट्टी लावून सरळ फाडलं. वरती तारीख घातली, तिची, तेव्हाची. मग लिहिलं: टिकल्या सहा. चिठ्ठीत बाराशे. भट्टीत बाराशे चाळीस. ही वाढ भट्टी चालवणाऱ्याने स्वतःच्या मनाने केली. टिकल्या देणाऱ्या व्यक्तीला ती माहीत नव्हती. खाली सही केली. ती चिठ्ठीवरच्या आकड्याशिवाय दुसऱ्या आकड्यावर केलेली त्यांची पहिलीच सही होती, त्यामुळे जरा वाकडी आली. त्यांनी तसंच दुसरं पान तिच्या दुसऱ्या तारखेसाठी लिहिलं, आणि तिसरं. अकरा तारखा होत्या. अकरा पानं झाली.

पाकिटात घालताना लक्षात आलं की पत्ता विचारायचा राहिला. त्यांनी परत फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. तास सुरू झाला असावा. भट्टीवाल्यांनी घड्याळाकडे पाहिलं, पाकीट मांडीवर घेतलं, आणि तो तास संपायची वाट बघत स्टुलावर बसून राहिले.